औषध, व्रत आणि रुग्णाचा धर्म

अंगावरच्या गजकर्णासाठी डॉक्टर पोटात घ्यायची गोळी लिहून देतात तेव्हा ती दोन-चार दिवसांपुरती नसते. नायटा जुना असेल, जांघेतून कमरेपर्यंत पसरला असेल, तर गोळी सहा-आठ आठवडे चालते. पायाच्या नखांना बुरशी लागली असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या कोणत्याही घरात एवढ्या काळात तीन-चार एकादश्या येतात, संकष्टी येते, श्रावण असला तर सोमवार येतात, आश्विन असला तर नवरात्राचे नऊ दिवस येतात. शेजारच्या मोहल्ल्यात रमजानचे रोजे सुरू असू शकतात, एखाद्या जैन घरात सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा चौविहार पाळला जात असतो. गोळी जेवणानंतर घ्यायची आणि जेवणच नाही, असे मग घडते. कोणी त्या दिवशी गोळी टाळतो, कोणी रिकाम्या पोटी गिळतो, कोणी उपवास संपेपर्यंत औषधच थांबवतो. औषधाने व्रत मोडते का, आणि आजारी माणसाचे पहिले कर्तव्य कोणते, हे प्रश्न इथे पोथीतले राहत नाहीत. त्यांच्या उत्तरावर औषध लागू पडणार की अपाय करणार, हे ठरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असे महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितले आहे आणि पुढच्या धर्मशास्त्रकारांनीही हा नियम स्वीकारला आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आजारी आणि प्रवासी माणसाला रोज्यातून सूट आहे. सुटलेले दिवस त्याने नंतर भरून काढावेत, इतकेच. जैनांच्या प्रत्याख्यानातही आगार, म्हणजे नियमाला असलेल्या सवलती, नियम घेतानाच ठेवलेल्या असतात. तिन्ही परंपरा या बाबतीत माणसाच्या शरीराशी दयाळूपणे वागतात. कडकपणा बहुधा घरातून येतो, ‘एवढे दिवस पाळले, आता का मोडायचे’ या आग्रहातून येतो. ग्रंथाने दिलेली सूट वापरणाऱ्याला कमी श्रद्धेचा ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा स्पष्ट बोलून दाखवले तर पुष्कळ औषधे वेळेवर पोटात जातील.

परवानगी मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही. काही औषधे घेणाऱ्याकडून फारसे काही मागत नाहीत. पोटातून घ्यायची बुरशीनाशके तशी नाहीत, आणि याचे कारण बुरशीच्या स्वभावात आहे. जीवाणू माणसापासून फार दूरचा जीव आहे. त्याच्या पेशीभोवती जी भिंत असते ती माणसाच्या पेशीला नसतेच, म्हणून पेनिसिलीन ती भिंत मोडते तेव्हा माणसाच्या पेशीला धक्का लागत नाही. बुरशी मात्र जीवसृष्टीच्या वंशवृक्षात वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीला केंद्रक असते, तिची अंतर्गत रचना बरीचशी आपल्यासारखी असते. फरक थोडक्या जागी सापडतो. माणसाच्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्याच्याच जातीचे एर्गोस्टेरॉल. फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल ही ॲझोल गटातली औषधे व टर्बिनाफिन ही सगळी या एर्गोस्टेरॉलच्या निर्मितीत अडथळा आणतात. ॲझोल औषधे बुरशीतले जे विकर बंद पाडतात ते सायटोक्रोम पी-४५० या कुळातले आहे, आणि माणसाच्या यकृतात औषधांचे विघटन करणारी विकरेही त्याच कुळातली आहेत. त्यामुळे बुरशीवर रोखलेले औषध यकृताच्या कामातही हात घालते आणि त्या माणसाच्या इतर गोळ्यांचे रक्तातले प्रमाण बदलते. पोटात घ्यायच्या बुरशीनाशकांचे बहुतेक धोके या एका नात्यातून निघतात.

हे नाते औसा, निलंगा, अहमदपूरच्या शेतकऱ्याच्या हातात दर खरिपात असते. सोयाबीनवर तांबेरा किंवा करपा दिसला की फवारायची हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधे ॲझोल कुळातलीच आहेत. पंपाला किती मिली टाकायचे, वारा कोणत्या बाजूचा आहे, एकच औषध दर वेळी मारले तर रोग त्याला सरावतो, हे तो जाणतो. पिकासाठी पाळला जाणारा हा विवेक स्वतःच्या कातडीसाठी मात्र अनेकदा पाळला जात नाही. मेडिकलमधून एक पाकीट आणले जाते, चार दिवस गोळ्या घेतल्या जातात, खाज थांबली की उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी येतात.

नीट वापरलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि वाईट रीतीने वापरलेले औषध तीव्र विषासारखे होते, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात आला आहे. आधुनिक बुरशीनाशकांच्या इतिहासाने तो खरा करून दाखवला. ग्रिसिओफुल्विन हे पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून १९३९ मध्ये वेगळे काढले गेले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस गजकर्णावर पोटातून देण्याचे औषध म्हणून वापरात आले. त्याआधी डोक्यातल्या नायट्यासाठी मुलांचे केस क्ष-किरणांनी घालवण्यापर्यंत मजल गेलेली होती. पुढे १९८० च्या दशकात केटोकोनॅझोलची गोळी आली आणि जगभर घेतली गेली. यकृताला गंभीर इजा होण्याचे, काही रुग्ण दगावण्याचे प्रकार नोंदले गेले आणि जुलै २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गोळीची विक्री थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या नियामकाने त्याच महिन्यात तिचा वापर अगदी मोजक्या, दुसरा उपाय नसलेल्या गंभीर आजारांपुरता ठेवला. कातडीच्या नायट्यासाठी ती घेण्याचे कारण उरले नाही. ज्या आजाराने जीव जात नाही त्यासाठी जिवावर बेतणारे औषध घ्यावे का, या प्रश्नाला जगाने दिलेले हे उत्तर होते, आणि ते योग्य होते.

चरकाने चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण सांगितले. रुग्णाचे गुण म्हणून स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व ही नावे येतात. रुग्णाने आठवण ठेवावी, सांगितलेले पाळावे, भिऊ नये आणि आपले सगळे वैद्याला कळवावे. रुग्णाला दयेचा विषय न मानता चिकित्सेचा चौथा खांब मानणे ही या विचारातली मोठी गोष्ट आहे. खांबावर भार असतो. रुग्णाला धर्म आहे, कर्तव्य आहे, असे म्हणताना त्याला दोष द्यायचा नसतो; उपचार त्याच्यावाचून पुरा होत नाही एवढे मान्य करायचे असते.

या चारांतले ज्ञापकत्व बुरशीनाशकांच्या बाबतीत सर्वांत मोलाचे. डॉक्टरला दिसते ते कातडीवरचे वर्तुळ. रुग्णाच्या पिशवीत कोणत्या गोळ्या आहेत, ते त्याला दिसत नाही. आणि ती पिशवी आज खेड्यातही मोठी असते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला फ्लुकोनॅझोल दिले तर ग्लिमेपिराइडचा जोर वाढून साखर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्याला तेच औषध रक्तस्रावापर्यंत नेऊ शकते. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याने सोबत इट्राकोनॅझोल घेतले तर स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडावर आघात होतो, म्हणून ही जोडी वर्ज्य आहे. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्याला नखाच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल देत नाहीत. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन उलट दिशेने काम करते: ते इट्राकोनॅझोल शरीरातून इतक्या वेगाने घालवते की गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्याचेही तसेच होते. टर्बिनाफिन यकृताचा जुना आजार असलेल्याला देत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित गोळी म्हणजे ‘गॅसची गोळी’. ती औषध आहे असे पुष्कळांना वाटतच नाही, म्हणून ती सांगितली जात नाही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागते. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे तेच आम्ल बंद करतात, आणि कॅप्सूल निम्मीशिम्मी वाया जाते. त्यातही पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन असलेली कॅप्सूल सकाळी उठल्याबरोबर घेण्याची सवय असेल तर दुहेरी नुकसान होते: पहिल्या घटकाने बुरशीनाशक शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते ते डोम्पेरिडोनचे प्रमाण वाढवून हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. अँटासिडचे पातळ औषध घ्यायचेच असेल तर कॅप्सूल आणि ते यांत निदान दोन तासांचे अंतर लागते. काढे, चूर्णे आणि जडीबुटीही सांगायच्या यादीत येतात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी, यकृतावर भार टाकणारी गोळी सुरू असताना आणखी काय पोटात जाते ते डॉक्टरला माहीत असणे रुग्णाच्याच हिताचे आहे.

दारूचेही असेच. विचारल्यावर ‘कधीमधी’ असे उत्तर येते आणि सोबत आलेली बायको खाली पाहते. इथे सत्य सांगणे हा नीतीचा प्रश्न आहेच, आणि त्याहून जास्त तो यकृताचा प्रश्न आहे. डॉक्टरनेही तो तसाच विचारायला हवा, न्यायाधीशासारखा नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत पाळी चुकली आहे का, मूल हवे आहे का, हे प्रश्न सासूसमोर विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. गरोदरपणात पोटातून घ्यायची बुरशीनाशके शक्यतो टाळतात. फ्लुकोनॅझोलच्या मोठ्या मात्रेचा दीर्घ वापर आणि बाळातली व्यंगे यांचा संबंध अमेरिकेच्या नियामकाने २०११ मध्ये जाहीर केला. इट्राकोनॅझोल घेणाऱ्या स्त्रीने औषध संपल्यावरही पुढचे दोन महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि ग्रिसिओफुल्विन घेणाऱ्या पुरुषाने सहा महिने मूल होऊ देऊ नये असे सांगतात. पुरुषाचीही जबाबदारी येते हे खेड्यात फार कमी जणांना सांगितले जाते.

निर्देशकारित्वाचा कस उपवासात लागतो, आणि इथे सगळ्या गोळ्यांना एक नियम लावून चालत नाही. फ्लुकोनॅझोल पोट भरलेले असो की रिकामे, सारखेच शोषले जाते, आणि कातडीच्या आजारात ते बऱ्याचदा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. एकादशी चुकवून वार ठरवला की काम झाले. टर्बिनाफिनलाही जेवणाची अट नाही. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल मात्र पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी लागते, आणि ग्रिसिओफुल्विनला जेवणात तेल-तूप लागते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि भगर असा फराळ पोटभर घेतला तर त्यानंतर कॅप्सूल घेता येते. निर्जळी किंवा नुसत्या दुधा-फळांवर काढायच्या दिवशी ती नीट लागू पडत नाही. रोजे असतील तर दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतरच्या जेवणाला आणि दोनदा घ्यायची असेल तर दुसरी सहरीला, अशी वेळ बांधून घेता येते. चौविहार पाळणाऱ्यासाठी संध्याकाळची गोळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाशी जोडता येते. औषध ठरवतानाच डॉक्टरला व्रताचे सांगितले तर बहुतेक वेळा दोन्ही पाळता येतील असे औषध निवडता येते. व्रत लपवले तर औषध आणि व्रत दोन्हींचे नुकसान होते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे तडजोड करू नये. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी, तिच्यासोबत फ्लुकोनॅझोल आणि त्यावर कडक उपवास अशी तिन्ही एकत्र आली तर घाम, थरथर, गोंधळ, आणि शेवटी बेशुद्धी येऊ शकते. नवरात्रात औशाहून तुळजापूरच्या वाटेला अनवाणी लागणाऱ्या मधुमेही भाविकाने हे आधी डॉक्टरशी बोलून घेतलेच पाहिजे. देवीच्या दारात चक्कर येऊन पडावे, अशी अपेक्षा कोणत्याही व्रतात नाही. ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी धान्यफराळ, एकभुक्त, नामस्मरण, दान असे पर्याय परंपरेतच आहेत.

आचाराच्या आणखी दोन गोष्टी इथे येतात. पुष्कळ पुरुषांच्या आणि मुलांच्या कमरेला काळा करदोडा असतो. आंघोळीनंतर अंग पुसले जाते, करदोडा ओलाच राहतो. दिवसभर घाम शोषतो, चड्डीच्या किंवा धोतराच्या पट्ट्याखाली दबून राहतो. गजकर्णाची लाल, खवल्यांची कड पुष्कळदा त्याच्याच रेषेत कमरेभोवती फिरलेली दिसते. गोळीने कातडीतली बुरशी मरते आणि दोऱ्यातली जिवंत राहते. औषध संपल्यावर महिनाभरात वर्तुळ पुन्हा उमटते. असा दोरा उपचार होईपर्यंत काढून ठेवावा आणि नंतर नवा घालावा, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. करदोडा वर्षानुवर्षे तोच असावा असा कोणताही शास्त्रनियम नाही. जुना झाला, तुटला की तो बदलतातच. दुसरी गोष्ट ओलेत्याने पूजा करण्याची. ओले वस्त्र अंगावर तासभर राहिले की जांघेत आणि बगलेत बुरशीला हवी ती ऊब आणि ओल मिळते. धुऊन, कोणाच्या स्पर्शाशिवाय वाळवलेले वस्त्र सोवळ्यात चालते, रेशमी कद चालतो. शुचिता राखण्यासाठी अंग ओले ठेवण्याची गरज नाही.

संसर्गाची जाणही या भूमीत जुनी आहे. अंगस्पर्श, एकत्र जेवण, एका अंथरुणावर झोपणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा आणि लेप वापरणे यांतून कुष्ठासारखे रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. चरक आणि सुश्रुत दोघांनीही दद्रूला, म्हणजे गजकर्णाला, कुष्ठांच्या अठरा प्रकारांत धरले होते. चरकाने क्षुद्र कुष्ठांत, सुश्रुताने महाकुष्ठांत. या एकत्र धरण्याचे एक दुःखद फळ लोकमनात उरले. कातडीचा रोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप किंवा कोणाचा शाप, ही समजूत पुराणकथांतूनही पोसली गेली. कृष्णपुत्र सांबाला शापाने कुष्ठ झाल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध, म्हणजे सांबाने सूर्योपासना करून बरे होणे, कमी आठवला जातो. कातडीवरचे वर्तुळ लपवणारी मुलगी, लग्न जमेपर्यंत दवाखान्यात न जाणारे घर, हे त्या समजुतीचे बळी. गजकर्ण हे पापाचे चिन्ह नाही. ती केराटीन खाऊन जगणारी एक बुरशी आहे, आणि अभीरुत्वाचा आजचा अर्थ ही गोष्ट लाज न बाळगता डॉक्टरला दाखवणे हाच घ्यावा. ‘भोग आहेत, भोगायचे’ हे म्हणणे चरकालाही मान्य नव्हते. विमानस्थानात त्याने दैव आणि पुरुषकार दोन्ही मानले आहेत आणि दैव दुर्बळ असेल तर माणसाचा प्रयत्न त्यावर मात करतो असे सांगितले आहे.

चरकाचा आणखी एक विचार इथे लागू पडतो, प्रज्ञापराधाचा. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळली की माणूस हिताचे जाणूनही अहिताचे करतो. कातडीच्या बुरशीत हा अपराध बहुधा ट्यूबच्या रूपाने घरात येतो. क्लोबेटासॉलसारखे जोरकस स्टेरॉइड, एखादे प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीशिवाय मिळत आली. लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. स्टेरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दाबलेली असते, बुरशी आत पसरत राहते, कड पुसट होऊन रोग ओळखू येईनासा होतो. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे ओरखडे पडतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची सूट काढून ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण मागणारा आणि देणारा दोघेही तयार असतील तर कायदा काउंटरच्या आत पोचत नाही. जो रोग पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जायचा त्याला आज महिनोन्महिने पोटातली औषधे द्यावी लागतात, यामागे इतर कारणांबरोबर या मलमांचा मोठा वाटा आहे, असे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे.

इथे रुग्णाचा धर्म स्वतःपुरता राहत नाही. भारतात पसरलेल्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिले. तिच्यातल्या पुष्कळ वाणांत टर्बिनाफिन जिथे जाऊन बसते त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला असतो, म्हणून नेहमीच्या मात्रेत ते औषध तिच्यावर चालत नाही. ती युरोपात पोचली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या रुग्णांत तिची नोंद झाली. माझे शरीर, माझी गोळी, मी वाटेल तेव्हा थांबवीन, हे म्हणणे म्हणूनच पुरे पडत नाही. अर्धवट उपचारातून तगलेली बुरशी त्याच घरातल्या टॉवेलवरून लेकराच्या अंगावर जाते. अहिंसेचा विचार करणाऱ्याला बुरशी हाही जीव आहे, मग तिला मारावे का, असा प्रश्न पडू शकतो. जैन विचारात सूक्ष्म जीवांची जी बारीक गणना आहे तिने हा प्रश्न प्रामाणिकपणे उभा केला आहे. त्याचे उत्तर प्रमादाच्या कल्पनेत मिळते: बेफिकिरीने होणारी हिंसा सर्वांत दोषास्पद. आधी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, बुरशीच आहे याची खात्री करणे, लागेल तेच औषध लागेल तितकेच दिवस घेणे, हे वैद्यकाचे नियम त्या अप्रमादाचेच आहेत. ज्यांना प्राणिज जिलेटिनच्या कॅप्सूलची अडचण वाटते त्यांनी तसे सांगावे. टर्बिनाफिन आणि फ्लुकोनॅझोल साध्या गोळीच्या रूपातही मिळतात.

किती दिवस घ्यायचे, हे खाज ठरवत नाही. खाज पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, बुरशी त्यानंतरही असते. उलट बाजूने, बुरशी गेल्यावर मागे राहणारा काळपट डाग म्हणजे रोग उरला असे नाही, आणि त्या डागासाठी गोळ्या वाढवत नेणेही चूक आहे. थांबायची वेळ तपासणाऱ्यानेच सांगायची. स्मृती हा गुण इथे कामी येतो: मागच्या वर्षी कोणती गोळी, किती आठवडे घेतली, तिने काय झाले, हे जुन्या चिठ्ठीसह सांगता आले तर तेच चुकलेले औषध पुन्हा दिले जात नाही.

कर्तव्याच्या गोष्टी करताना साधनांचा विचार सोडून चालणार नाही. घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कपडे रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेले, हा सल्ला बरोबर आहे. पण ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या भागात सहा माणसांचे कपडे रोज धुवायला सांगताना पाणी कुठून येणार हेही सांगावे लागते. सहा आठवड्यांच्या कॅप्सूलींचा खर्च, यकृताच्या तपासणीचा खर्च, बुडालेल्या रोजाचा खर्च या सगळ्यांचे ओझे एकट्या रुग्णाच्या धर्मावर टाकणे अन्यायाचे होईल. चरकाने चार पाद सांगितले आहेत, आणि त्यांत वैद्याचा पहिला. घाईत लिहिलेली चिठ्ठी, न विचारलेले प्रश्न, चिठ्ठी नसताना विकलेली ट्यूब यांचा दोष रुग्णाच्या माथी जात नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा उपचार खिशाला परवडेल अशा दरात मिळत राहणे, हा शासनाच्या कर्तव्याचा भाग आहे.

लांबचा उपचार सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्त तपासणी करतात आणि चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा करतात. वय जास्त असेल, दारू असेल, आधीचा यकृताचा आजार असेल तर ती चुकवू नये. दरम्यान भूक मरणे, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरकडे जायचे. उपवासाचा थकवा म्हणून ते अंगावर काढायचे नाही. अंगावर फोड किंवा तोंडात चट्टे आले, इट्राकोनॅझोल घेताना पाय सुजले किंवा धाप लागली, टर्बिनाफिनने जिभेची चव गेली, तरीही लगेच कळवायचे. औषधाने झालेला अपाय रुग्णाला स्वतःही नोंदवता येतो. भारताचा औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० पासून सुरू असून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतो, आणि त्याचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.